राजकन्या झोपलेली, गोष्टीला ठिकठिकाणी भोकं; तरी 'स्लीपिंग ब्यूटी' मी चारदा का बघितला?

कोरी_पाटी

मंडळी, प्रश्न जरा बालिश वाटेल, पण विचारतेच.

भाची नऊ दिवस माझ्याकडे होती. वय वर्षं सहा. मला प्रुफं तपासायची होती म्हणून तिला डिस्नेचा १९५९चा 'स्लीपिंग ब्यूटी' लावून दिला आणि मी शेजारी लाल पेन घेऊन बसले. ७५ मिनिटांनी चित्रपट संपला तेव्हा माझं अर्धं पानही झालं नव्हतं. नंतर तो आणखी तीनदा बघून झाला. त्यातला एकदा भाची झोपल्यावर.

अडचण अशी की गोष्टीतली भोकं शोधणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. मुलांच्या पुस्तकांचं संपादन करते. हे हस्तलिखित माझ्याकडे आलं असतं तर लाल शेऱ्यांसकट परत गेलं असतं. शाप काय, तर सोळाव्या वाढदिवसाचा सूर्य मावळायच्या आत चरख्याची चाती बोटाला लागेल. तीन पऱ्या पोरीला सोळा वर्षं रानात लपवून ठेवतात, जादूच्या कांड्यासुद्धा बाजूला ठेवून देतात, आणि नेमक्या त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या बेतात असताना, तिला वाड्यात आणतात. अगं बायांनो, थोडा वेळ अजून थांबला असतात तर काय बिघडलं असतं? खलनायिकेची फौज तर त्याहून हुशार. सोळा वर्षं ती पोरगी शोधतेय, पण पाळण्यांमध्ये! पोरं वाढतात हे कोणाच्या डोक्यातच आलेलं नाही. (हे मात्र विनोद म्हणून लिहिलंय, तेव्हा ते माफ.)

आणि नायिका? ऑरोरा सगळी मिळून जेमतेम १८ मिनिटं पडद्यावर असते. आपण राजकन्या आहोत हे कळल्यावर ती 'नाही' म्हणते, रडते, आणि तिथून शेवटपर्यंत तोंडातून एक शब्द नाही. राजपुत्र देखणा आहे, घोडा चांगला आहे. बस.

लहानपणीच्या आठवणींचा हा गुण म्हणावा, तर मी लहानपणी हा पाहिलेलाच नाही. परवा वयाच्या चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा बघितला. त्यामुळे 'ते दिवसच वेगळे होते' हे उत्तर माझ्या बाबतीत बाद.

अजून एक निरीक्षण. भाची मागे नेऊन परत बघते ते दृश्य चुंबनाचं नाही आणि ड्रॅगनचंही नाही. तिला हवा असतो तो गुलाबी-निळ्याचा तंटा. झग्याचा रंग कोणता असावा यावर त्या दोन पऱ्या झोपडीत कांड्या परजून भांडतात तो. ड्रॅगन आला तर ती बिस्किट खात बघते. मात्र शेकोटीच्या मागची भिंत उघडते आणि राजकन्या त्या हिरव्या उजेडामागे जिना चढायला लागते, तिथे दर वेळी माझं बोट घट्ट धरते.

तर या चित्रपटात नक्की आहे काय? जाणकारांनी सांगा. 'जादू आहे' असं लिहू नका, ते मलाही लिहिता येतं.

अर्धविराम

एका शब्दात उत्तर: मॅलेफिसेंट.

शाप देणाऱ्या या खलनायिकेचा प्रवेश आठवा. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. वारा सुटतो, ज्वाळा उठते, आणि एक बाई अत्यंत सभ्य आवाजात सांगते की आमंत्रण न आल्याने मला जरा वाईट वाटलं. तीन पऱ्यांपैकी मेरीवेदर फाडकन बोलते की तू कोणाला नकोच होतीस. त्यावर तिचं ते 'अरेच्चा, असं होय' छापाचं अवघडल्याचं नाटक! लग्नाच्या मांडवात मानापमानावरून पेटलेल्या आत्याबाई ज्यांनी पाहिल्यात त्यांना ही बाई परकी वाटायची नाही.

आवाज एलेनॉर ऑडली यांचा. १९५०च्या 'सिंड्रेला'तली सावत्र आईही त्याच. रेखाटन मार्क डेव्हिस यांचं, आणि गंमत म्हणजे ऑरोराही त्यांनीच केली. एकाच माणसाच्या टेबलावर दोघी. डेव्हिस यांची तक्रार अशी होती की ही बाई सारखी भाषणं देते, कोणाला हात लावत नाही, कोणाशी भिडत नाही. अशा पात्राला जिवंत कसं करायचं? निदान बोलायला कोणीतरी हवं, ते काम खांद्यावरच्या कावळ्याने भागवलं. पण मला वाटतं ती जागची हलत नाही म्हणूनच तिची भीती वाटते. आजूबाजूचे सगळे धावताहेत आणि ही उभी.

तासलेली_पेन्सिल

कोरी_पाटीताई, मी सात वर्षं हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये क्लीन-अपचं काम केलंय. आता डोळ्यांमुळे सोडलं. जाणकार वगैरे नाही, पण हा चित्रपट मी कागदाच्या बाजूने बघतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी काम कसं चालतं ते सांगतो. मुख्य ॲनिमेटर हालचालीतल्या मोक्याच्या पोझ काढतो. त्याची रेघ बहुतेक वेळा गुंतवळासारखी असते. क्लीन-अपवाला तिच्यातून एकच नेमकी रेघ निवडतो, इन-बिट्वीनर मधली चित्रं भरतो. सेकंदाला २४ फ्रेम, एकेक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ कागद, आणि हे एका पात्राचं. माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे एका म्हाताऱ्याची वळणारी मान. ४२ कागद. पेग बारवर (कागद जागच्या जागी धरणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीवर) लावून, बोटांत धरून फडफडवून बघितलं, मला झकास वाटलं. वरिष्ठांनी एकदाच फडफडवलं आणि गठ्ठा परत दिला: 'लाइन बॉइल होतेय.' म्हणजे रेघ कागदागणिक केसभर सरकत होती, त्यामुळे मान वळताना कातडीला उकळी फुटल्यासारखी दिसत होती. ४२ कागद पुन्हा काढले.

हे सोसलेल्या माणसाने ऑरोराचे केस बघावेत. ते केस नाहीत, लाकडावर कोरलेली वेलबुट्टी आहे. प्रत्येक बटेला ठरलेलं वळण, आणि पोरगी गिरकी घेते तेव्हा ते सगळं वळण तिच्याबरोबर फिरतं. कुठेही उकळी नाही. मी तो रानातला नाच आवाज बंद करून बघतो आणि मला घाम फुटतो. फ्लॉइड नॉर्मन हे पुढे नावाजलेले कलाकार तेव्हा तिथे नवखे होते, याच चित्रपटावर मधली चित्रं भरत होते. त्यांच्यासारख्या कितीतरी जणांच्या तारुण्याची वर्षं या बटांमध्ये गेलीत.

आणखी एक. हा डिस्नेचा शेवटचा लांबीचा चित्रपट, ज्यात पेन्सिलची रेघ सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यावर, शाईने हाताने गिरवली आहे. ते काम इंक अँड पेंट विभागातल्या बायका करत. शाई रंगीत असे. गालाची कड काळ्या शाईने नाही तर गालाच्याच गडद छटेने गिरवायची, म्हणून आकृतीला कुंपण घातल्यासारखं वाटत नाही. पुढच्या, १९६१च्या डाल्मेशियन कुत्र्यांच्या चित्रपटापासून झेरॉक्सच्या तंत्राने पेन्सिलची रेघ थेट सेलवर उतरू लागली. काळी, खरखरीत. मला ती रेघही आवडते, तिच्यात ॲनिमेटरचा हात दिसतो. पण तुमची भाची सारखी बघते ते दृश्य त्या खरखरीत रेघेत कसं दिसलं असतं, कल्पना करा. दोन कांड्यांतून गुलाबी आणि निळं उडतंय आणि सगळ्याला काळी किनार!

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. माझ्या मते याचं उत्तर पात्रांच्या मागे आहे. पार्श्वचित्रं. आयविंड अर्ल नावाचा चित्रकार. त्याने मध्ययुगीन हस्तलिखितांतली चित्रं, जुनी विणलेली पडदाचित्रं, फान आइकसारख्या चित्रकारांची चित्रं पचवली आणि एक नियम धरला: जवळचं आणि लांबचं दोन्ही सारखंच स्पष्ट. नेहमीच्या कार्टूनमध्ये मागचं धूसर ठेवतात, म्हणजे नजर पात्रावर राहते. अर्लच्या रानात पुढच्या खोडाची साल मोजता येते आणि टेकडीवरच्या किल्ल्याच्या खिडक्याही. झाडं चक्क चौकोनी. एकेका पार्श्वचित्राला आठवडा-आठवडा लागे, एरवी ते दिवसाचं काम. पडदाही साधा नाही, रुंद टेक्निरामा. म्हणजे भरायला जागा आणखी जास्त.

ॲनिमेटर वैतागले. आमची पात्रं या बारीक कामात हरवतात, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. वॉल्ट डिस्ने मात्र अर्लच्या बाजूने राहिले. शेवटी पात्रांनाच झाडांच्या वळणावर जावं लागलं. उभ्या सरळ रेघा, टोकदार कोपरे.

परिणाम काय झाला? हा चित्रपट तुमच्या डोळ्याला हाताला धरून नेत नाही. नजर मोकळी सुटते. पहिल्यांदा तुम्ही राजकन्या बघता, दुसऱ्यांदा राजपुत्राचा झगा घालून नाचणारं घुबड, तिसऱ्यांदा तिच्या मागचं पाणी. चौथ्यांदा का बघितला म्हणता? पहिल्या तीन वेळांत संपला नव्हता म्हणून.

शंकासुर

पेन्सिलराव, लेख उत्तम, पण सगळे इतके विरघळलेत म्हणून मी जरा मीठ टाकतो.

एक, हे प्रेम आपोआप उगवलेलं नाही. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ला उघडलं तेव्हा मधोमध स्लीपिंग ब्यूटीचा किल्ला उभा होता. चित्रपट आला २९ जानेवारी १९५९ला. आधी वाडा, मग राजकन्या! सुमारे ६० लाख डॉलर ओतले आणि पहिल्या प्रदर्शनात ते वसूलही झाले नाहीत. मग वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा चित्रपटगृहांत आणला, बाहुल्या विकल्या, आणि आता म्हणायचं अभिजात. एखादी गोष्ट साठ वर्षं डोळ्यांसमोर नाचवली तर तीही आवडायला लागते.

दोन, पाळण्यात ठरलेलं लग्न आणि झोपलेल्या मुलीचं चुंबन. सहा वर्षांच्या मुलीला हे दाखवताना तुम्हाला काहीच वाटलं नाही का?

तीन, दोन राजे पेले रिचवत बसतात तो प्रकार. कोणी सांगा, तो कशासाठी आहे?

कोरी_पाटी

शंकासुर, तिसऱ्या मुद्द्यावर हात मिळवा. तिथे मी चारही वेळा पाणी प्यायला उठले.

पहिल्या मुद्द्यावर: मला कोणी बाहुली विकलेली नाही हो. चौतीस वर्षं मी यापासून सुरक्षित होते.

दुसरा मात्र खरा आहे, आणि मी तो विचार करून दाखवला. मूळ कथा याहून अवघड आहेत. बाझिलेच्या सतराव्या शतकातल्या इटालियन कथेत झोपलेल्या मुलीचं जे होतं ते इथे लिहवत नाही. पेरोच्या १६९७च्या कथेत चुंबन नाहीच. शंभर वर्षं भरलेली असतात, राजपुत्र गुडघे टेकतो आणि ती आपली आपण जागी होते. चुंबन ग्रिम बंधूंकडे आहे. चित्रपटवाल्यांनी त्यात एक दुरुस्ती केली: दोघांची आधी रानात गाठ घालून दिली, एकत्र नाचवलं. पुरेशी आहे का? नाही. पण कोणीतरी टेबलाशी बसून 'हे असं कसं चालेल' म्हटलेलं दिसतं.

आणि शंभर वर्षांचं काय केलं बघा. झोप एका रात्रीवर आणली, शंभर वर्षं राजपुत्राच्या वाट्याला दिली! मॅलेफिसेंट त्याला तळघरात साखळदंडात ठेवते आणि प्रेमाने समजावते की शंभर वर्षांनी तुला सोडीन, मग जा खुशाल. लगेच दिसतो पांढऱ्या केसांचा म्हातारा, तितक्याच थकलेल्या घोड्यावर बसून निघालेला. संपादक म्हणून या बदलाला मी उठून नमस्कार केला. लाल पेन बाजूला ठेवलं.

मंद्र_सप्तक

कोणी संगीताबद्दल बोललंच नाही, म्हणून डोकावतो.

शेकोटीच्या दृश्यात तुमची भाची बोट धरते ना, तिथलं संगीत कुठलं आहे माहीत आहे? सगळा चित्रपट चायकोव्हस्कीच्या याच नावाच्या बॅलेवर बेतलाय (पहिला प्रयोग १८९०, सेंट पीटर्सबर्ग). जॉर्ज ब्रन्स यांनी त्याची चित्रपटासाठी नव्याने मांडणी केली. रानातलं गाणं पहिल्या अंकातल्या वॉल्ट्झवर आहे, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण जिन्यावरचा तो भीतीदायक तुकडा मुळात दोन मांजरांचा नाच आहे! बॅलेच्या शेवटी लग्नाला परीकथांमधली पात्रं येतात, त्यात बूटवाला बोका आणि पांढरी मांजर लाडात येऊन एकमेकांना ओरबाडतात. तिथे लोक हसतात. ब्रन्सने तेच घेतलं आणि संमोहित पोरीच्या पावलांखाली अंथरलं. मी ते पहिल्यांदा ओळखलं तेव्हा अंगावर काटा आला. मांजराचं लाडात येणं आणि मांजराचं उंदराला खेळवणं यात स्वरांचा फरकच नाही.

ते दृश्य पुन्हा बघा, ऐकत.

तासलेली_पेन्सिल

मांजरांचं माहीत नव्हतं! सात वर्षं कागद घासूनही कान बंदच राहिले म्हणायचे.

शंकासुर, पैसे वसूल झाले नाहीत हे खरं, आणि त्याची किंमत माझ्यासारख्यांनी भरली. चित्रपटानंतर स्टुडिओतल्या पुष्कळ लोकांना घरी जावं लागलं. झेरॉक्स आलं ते काही रेघेच्या प्रेमापोटी नाही. त्यामुळे हा चित्रपट बघताना मला दर वेळी थोडं वाईटही वाटतं. २०१९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचं नाव आलं. शाई गिरवणाऱ्यांपैकी ते बघायला किती जणी उरल्या असतील?

कोरी_पाटी

सगळ्यांचे आभार. पाचव्यांदा बघितला. या वेळी ठरवून, फक्त त्या तीन बायकांवर नजर ठेवून. आणि माझंच प्रूफ मला सापडलं.

मी वर लिहिलं होतं की गोष्टीत भोकं आहेत. एक भोक मी बघितलंच नव्हतं, आणि ते खरोखरचं भोक आहे: धुराडं. वाढदिवसासाठी केक आणि झगा करायचा असतो, सोळा वर्षांत जादूशिवाय काही धड जमलेलं नाही. केक ओघळतोय म्हणून त्याला झाडूचा टेकू दिलाय. झगा मेरीवेदरच्या अंगावर बेतलाय आणि तो झगा आहे हे सांगावं लागतं. शेवटी कांड्या बाहेर निघतात. दारं-खिडक्या बंद होतात, फटी बुजवल्या जातात, धुराडं मात्र विसरतात. मग गुलाबी की निळा यावरून भांडण, रंग धुराड्यातून बाहेर, आणि कावळा बघतो. म्हणजे सगळा अनर्थ होतो तो दोन म्हाताऱ्यांच्या रंगाच्या हट्टामुळे! शाप वगैरे नंतर. आणि निस्तरतातही त्याच. राजपुत्राला सोडवतात त्या, ढाल-तलवार देतात त्या, कावळ्याचा दगड करते ती मेरीवेदर, आणि शेवटी ड्रॅगनवर तलवार फेकायच्या आधी तिच्यावर मंत्र घालते ती फ्लोरा. पोराने फक्त हात उचललाय.

फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी या तिघी केल्या असं वाचलं. वॉल्ट डिस्नेंना म्हणे आधी तिघी साधारण एकसारख्या हव्या होत्या, या दोघांनी त्यांना वेगवेगळे स्वभाव मिळवून दिले. ते आता दिसतं. फ्लोरा बोलताना हात पुढे करते, जणू सभा तिचीच आहे. फॉनाचं बोलणं वाऱ्यावर. मेरीवेदर बुटकी, कमरेवर मुठी, आणि रागाने चालते तेव्हा आधी हनुवटी निघते, मग बाकीची. पेन्सिलराव, ती चाल बघताना तुमचे ४२ कागद आठवले.

राजकन्येला बोलायला काही नाही याचा मला राग होता. अजून आहे, पण आता वाटतं की लेखकांचं लक्षच त्या पोरीकडे नव्हतं, तिला वाढवणाऱ्यांकडे होतं. सोळा वर्षं सांभाळलेलं पोर उद्यापासून आपलं नाही, आणि ते कबूल करायचं नाही, म्हणून झग्याच्या रंगावर भांडायचं. मेरीवेदर आदल्या क्षणी माप देता देता हुंदका देते, ते मी पहिल्या चार वेळांत बघितलंच नव्हतं. मंद्र_सप्तक, मांजरंही ऐकली. आता ते दृश्य मी एकटीने बघणार नाही.

ताई काल भाचीला न्यायला आली. निघताना पोरीने विचारलं, शेवटी ढगांत नाचताना झगा किती वेळा बदलतो. मी म्हटलं, मोजला नाही. ती म्हणाली, मी मोजलाय, पण शेवटचा रंग कोणता यावर पैज लाव. मी निळ्यावर लावली आहे. कोणी इथे उत्तर लिहू नका, ती रविवारी फोन करणार आहे.